घरी फोटोंचा कोलाज छापण्यासाठी सॉफ्टवेअर कसे निवडावे

फोटोंचा कोलाज घरच्या प्रिंटरवर छापायचा असेल, तर सॉफ्टवेअरमध्ये किती तयार साचे आहेत हे पाहण्याआधी त्यात कागदाचे माप देता येते का, हे तपासावे. पडद्यावर दाखवण्यापुरता कोलाज करून देणारी अ‍ॅप भरपूर आहेत आणि त्यांतली बरीचशी चांगलीही आहेत. परंतु अनेकांत पानाची लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये देण्याची सोयच नसते. अशा अ‍ॅपमधून मिळालेली चौरस फाइल ए४ कागदावर छापायला घेतली, की एकतर दोन बाजूंना पांढरे पट्टे उरतात, नाहीतर कागद भरण्यासाठी कडा कापल्या जातात आणि नेमका टोकाला उभा असलेला माणूस अर्धा होतो.

ए४ कागद २१० × २९७ मिलिमीटरचा असतो. छपाईसाठी सर्वसाधारणपणे इंचाला ३०० पिक्सेल धरतात आणि त्या हिशेबाने पूर्ण पानाला २४८० × ३५०८ पिक्सेल लागतात. सॉफ्टवेअर पारखताना एक रिकामे ए४ पान घेऊन त्यावर दोन-तीन फोटो ठेवावेत, फाइल बाहेर काढावी आणि तिचे पिक्सेल पाहावेत. विनामूल्य आवृत्तीतून याच्या निम्मीच फाइल मिळत असेल किंवा कोपऱ्यात कंपनीचा शिक्का उमटत असेल, तर ते सगळे फोटो मांडून झाल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे.

यानंतर कोलाज कोणत्या प्रकारचा हवा आहे ते ठरवावे, कारण योग्य सॉफ्टवेअर त्यावरच अवलंबून असते. प्रत्येक फोटो आपापल्या चौकटीत, शेजारी समान अंतर आणि खाली नाव किंवा तारीख, अशी मांडणी हवी असेल, तर पानाची रचना करणारे सॉफ्टवेअर घ्यावे. स्क्रायबस आणि लिब्रेऑफिस ड्रॉ ही दोन्ही विनामूल्य असून विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालतात. ड्रॉ लवकर हाताशी येते आणि दहा-बारा फोटोंच्या पानाला ते पुरेसे आहे. स्क्रायबस शिकायला थोडा वेळ लागतो, पण छपाईचा विचार त्यात मुळापासून केलेला आहे: चौकटीत फोटो बसवल्यावर त्या आकारात त्याचे प्रत्यक्ष रिझोल्यूशन, म्हणजे इंचाला पिक्सेल, किती उरते ते दिसते, आणि पीडीएफ करण्यापूर्वीच्या तपासणीत कमी रिझोल्यूशनच्या फोटोंबद्दल सूचना मिळते. मात्र स्क्रायबस सहसा फोटो स्वतःच्या फाइलमध्ये साठवत नाही, केवळ त्यांचा पत्ता लक्षात ठेवते. त्यामुळे सगळे फोटो आधी एका फोल्डरमध्ये आणावेत आणि काम संपेपर्यंत तो फोल्डर हलवू नये.

एका फोटोची कड दुसऱ्यात विरघळावी, चेहऱ्यामागची पार्श्वभूमी जावी, अशी कल्पना असेल तर लेयर (एकावर एक ठेवलेले चित्राचे थर) आणि लेयर मास्क (थराचा कोणता भाग दिसावा हे ठरवणारे आवरण) देणारे सॉफ्टवेअरच हवे. फोटोशॉप हे करतेच, पण वर्षातून एक-दोन कोलाजांसाठी त्याचे शुल्क भरण्याची गरज मला वाटत नाही. गिम्प विनामूल्य आहे आणि या कामाला ते पुरते. त्यात अनेक फोटो एकदम लेयर म्हणून उघडता येतात. मास्कवर काळा रंग फिरवला की तेवढा भाग झाकला जातो आणि पांढरा फिरवला की पुन्हा दिसू लागतो, त्यामुळे मूळ फोटोला धक्का लागत नाही. एक गोष्ट मात्र सांभाळावी: साधा लेयर लहान करून काही वेळाने पुन्हा मोठा केला, तर गेलेला तपशील परत येत नाही. आकार बदलायचा झाल्यास मूळ फोटो नव्याने आणावा आणि काम गिम्पच्या स्वतःच्या एक्ससीएफ फाइलमध्ये जतन करावे.

कॅनव्हासारखी ऑनलाइन साधने सर्वांत सोपी आहेत आणि त्यांत छपाईसाठीची पीडीएफही मिळते. फोटो मात्र दुसऱ्याच्या सर्व्हरवर जातात. लहान मुलांचे किंवा खासगी प्रसंगांचे फोटो असतील, तर संगणकावरच चालणारे सॉफ्टवेअर मला अधिक योग्य वाटते.

सॉफ्टवेअर कितीही चांगले असले, तरी फोटोत नसलेला तपशील ते छपाईत आणू शकत नाही. मेसेजिंग अ‍ॅपवरून आलेले फोटो बहुधा आक्रसलेले असतात. १६०० पिक्सेल लांबीचा फोटो ३०० च्या हिशेबाने साडेतेरा सेंटिमीटरपर्यंत नीट छापला जातो. तोच ए४च्या पूर्ण लांबीवर ताणला, तर इंचाला जेमतेम १३७ पिक्सेल उरतात आणि चेहरे मऊ, पुसट दिसू लागतात. मधल्या मोठ्या चौकटीसाठी तरी मूळ फाइल मागवून घ्यावी.

शेवटची परीक्षा कागदावरच होते. सॉफ्टवेअरमध्ये नेमका १० सेंटिमीटर बाजूचा चौरस काढून साध्या कागदावर छापावा आणि पट्टीने मोजावा. तो साडेनऊ-पावणेदहा भरला, तर छपाईच्या खिडकीत ‘पानात बसवा’ हा पर्याय चालू राहिला आहे असे बहुधा समजावे. त्याऐवजी ‘मूळ आकार’ किंवा १०० टक्के निवडावे. बहुतेक घरगुती प्रिंटर कागदाच्या अगदी कडेपर्यंत छापत नाहीत, आणि जे छापतात ते विनाकड छपाईसाठी चित्र किंचित मोठे करून बाहेरचा भाग सोडून देतात. म्हणून दोन्ही परिस्थितींत चेहरे आणि अक्षरे कडेपासून निदान सहा-सात मिलिमीटर आत ठेवावीत. फोटो पेपर वापरताना प्रिंटरच्या सेटिंगमध्ये कागदाचा प्रकारही तोच निवडावा, कारण शाई किती सोडायची हे प्रिंटर त्यावरून ठरवतो. पडद्याला स्वतःचा उजेड असल्याने छापील प्रत त्याहून गडद वाटते. तेव्हा पूर्ण पान छापण्यापूर्वी सर्वांत काळोख्या फोटोची एक लहान पट्टी त्याच कागदावर छापून पाहावी आणि गरजेप्रमाणे उजळपणा वाढवावा.