सी मध्ये कंपायलरचाच बग आडवा आला तर काय करायचं

ओ झीरोला (ऑप्टिमायझेशन बंद) प्रोग्राम मस्त चालतो आणि ओ टू (कोड वेगवान करायची पातळी) लावलं की गंडतो, म्हणून लगेच कंपायलरला शिव्या घालू नका, बहुतेक वेळा आपल्याच कोडमध्ये अनडिफाइन्ड बिहेवियर असतं, म्हणजे काय व्हावं हे सीचं स्टँडर्ड ठरवतच नाही असा कोड. आधी सगळ्या वॉर्निंग चालू करा, ॲड्रेस आणि यूबी सॅनिटायझर (मेमरीच्या चुका आणि अनडिफाइन्ड बिहेवियर चालता चालता पकडणारी टूल्स) लावून चालवा, जीसीसी आणि क्लँग या दोन्ही कंपायलरवर बघा. तरी काही सापडलं नाही तरच पुढे या.

मग कोड बारीक करा. सी-रिड्यूस नावाचं टूल आहे, भलीमोठी फाइल थोड्या ओळींवर आणून देतं, फक्त बग अजून दिसतोय का हे तपासायला त्याला जी स्क्रिप्ट देतो तिच्यात सॅनिटायझरची चाचणी पण टाका, नाहीतर ते कापता कापता स्वतःच अनडिफाइन्ड कोड बनवून ठेवतं आणि आपण त्यालाच बग समजून बसतो. तो तुकडा हातात आला की हा बग आधीच माहीत आहे का ते बगझिलात (जीसीसीचे बग नोंदवायची साइट) शोधा.

फिक्स येईपर्यंतचा उपाय शक्य तेवढा छोटा ठेवा. अख्ख्या प्रोजेक्टला ओ झीरो लावलं तर स्पीडची वाट लागते, मेकफाइलमध्ये (कुठली फाइल कशी कंपाइल करायची हे सांगणारी फाइल) त्या एका फाइलला वेगळा फ्लॅग द्या. फंक्शनवर ऑप्टिमाइझ ॲट्रिब्यूट लावायचा मोह होतो, पण तो फक्त डिबगिंगसाठी आहे असं जीसीसीचं डॉक्युमेंटेशनच सांगतं.

लिनक्स कर्नलचं बघा. 2013 मध्ये जीसीसी 'एएसएम गोटो', म्हणजे सी कोडमध्येच लिहिलेल्या असेंब्लीमधून सीच्या लेबलवर उडी मारायची सोय, चुकीचं कंपाइल करत होता (बग 58670), तर त्यांनी एक मॅक्रो (नाव दिलेला कोडचा तुकडा) केला आणि त्यात पाठोपाठ एक रिकामं असेंब्ली स्टेटमेंट टाकलं, बस. जीसीसी 4.8.2 मध्ये बग सुटला, पुढे ते जुने व्हर्जन कर्नलने सोडल्यावर हा जुगाड पण काढला, आणि 2024 मध्ये तसलाच नवा बग निघाला म्हणून तेच रिकामं स्टेटमेंट परत आणावं लागलं! म्हणून जुगाड मॅक्रोत ठेवा, दहा ठिकाणी पसरवू नका, आणि वर कॉमेंटमध्ये बग नंबर आणि व्हर्जन लिहा.

जुगाड फक्त बग असलेल्या व्हर्जनलाच लागावा म्हणून व्हर्जन चेक लिहिताना एक गंमत लक्षात ठेवा, क्लँग पण स्वतःला जीसीसी 4.2.1 म्हणवतो, त्यामुळे आधी क्लँगचा मॅक्रो तपासा. आणि लिनक्स डिस्ट्रोवाले कधी कधी व्हर्जन नंबर तोच ठेवून नवा फिक्स जुन्या व्हर्जनमध्ये आणतात, तिथे नंबरवर भरवसा न ठेवता कॉन्फिगरच्या वेळी (बिल्डच्या आधीच्या तपासणीत) तो छोटा तुकडा कंपाइल करून चालवून बघितलेलं बरं, क्रॉस कंपाइल (दुसऱ्या प्रकारच्या मशीनसाठी कंपाइल) असेल तर मात्र चालवता येत नाही, मग नंबरच धरा.