छोट्या गाडीतून डोंगरात मुक्काम: काय घ्यायचं आणि कुठे ठेवायचं

गाडी भरताना आपण कुठली वस्तू कुठे मावतेय ते बघतो. छोट्या गाडीत ते पुरत नाही. मुक्कामाच्या जागी पोचल्यावर काय आधी लागणार, हे आधी ठरवायचं. जे पहिलं लागणार ते सगळ्यात शेवटी भरायचं. अंधार पडलेला असतो, सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळी पठारावर, वारा सुटलेला असतो, तेव्हा मागचं दार उघडल्याबरोबर हाताला टॉर्च आणि तंबू लागला पाहिजे. त्या वेळी कांद्याची पिशवी उपसत बसायला कुणाला उसंत नसते. पुढची सगळी यादी या क्रमाने वाचा.

डोळ्यांसमोर पाच दारांची मारुती जिम्नी ठेवली आहे आणि साताऱ्याहून कास-बामणोली, ठोसेघर-चाळकेवाडी किंवा उलट दिशेला माण-खटावच्या माळावर एक-दोन रात्रींचा मुक्काम धरला आहे. तुमच्याकडे जुनी जिप्सी, इको नाहीतर अल्टो असेल तरी भरायचा क्रम तोच, फक्त वाट गाडीला झेपेल अशी निवडा.

सुरुवात वजनापासून. जिम्नीचं भरल्या गाडीचं कमाल वजन 1545 किलो आणि रिकाम्या गाडीचं साधारण 1200. म्हणजे माणसं, सामान, पाणी सगळं मिळून साडेतीनशे किलोच्या आत बसवायचं. चार मोठी माणसं बसली की त्यातले पावणेतीनशे-तीनशे तिथेच गेले. म्हणून मुक्कामाला या गाडीत दोघं बरी, फार तर तिघं. मागची सीट उभी असताना डिकीत 208 लिटरची जागा आहे, सीट पाडली की 332 लिटर होते. दोघं असाल तर पूर्ण सीट पाडा, तिघं असाल तर अर्धी. सीट पाडली की पुढे बसणाऱ्यांच्या पाठीमागे काही आडोसा राहत नाही. तेव्हा जाळी किंवा रॅचेटचे (खटका दाबून आवळायचे) पट्टे हे सामानाच्या यादीत पहिले लिहा. घाटात करकचून ब्रेक दाबला की पोलादी कुकर थेट डोक्यावर येतो. रबरी हुकाच्या दोऱ्या चटया, जॅकेट यांना ठीक आहेत, पण जड वस्तूला विणलेला पट्टाच हवा आणि तो गाडीच्या कड्यात अडकवलेला हवा.

सामान ठेवायला महागडे डबे घेण्यापेक्षा टोमॅटोची प्लॅस्टिकची कॅरेट घ्या. मार्केट यार्डाच्या आसपास मिळतात, धुता येतात, एकावर एक नीट बसतात, बाजूने जाळी असल्यामुळे आत काय आहे ते उघडल्याशिवाय दिसतं आणि मुक्कामावर उलटं ठेवलं की बसायला स्टूल होतं. विकत घ्यायच्या आधी टेप घेऊन डिकीची रुंदी चाकांच्या कमानींच्या मधून मोजा, वरून मोजलेली रुंदी फसवते. तीन कॅरेट पुरतात: एक स्वयंपाकाचं, एक शिध्याचं, एक तंबू आणि दिव्यांचं. कपडे आणि अंथरूण मऊ पिशव्यांत, म्हणजे उरलेल्या फटींत दाबून बसवता येतात. पाण्याचा कॅन आणि स्वयंपाकाचं कॅरेट ही जड मंडळी तळाला, पुढच्या सीटच्या पाठीला टेकून. शिधा त्यांच्या मागे. तंबूचं कॅरेट दाराला लागून.

चिखलातून सुटायचं सामान मात्र डिकीत ठेवू नका, आणि हे मी ठासून सांगतो. जिम्नीचं मागचं दार बाजूला उघडतं आणि त्यावर स्टेपनीचं वजन आहे. गाडीचा मागचा भाग बांधाला टेकून रुतला तर ते दार उघडतच नाही. गाडी चढावर नाहीतर तिरकी उभी असेल तर ते एकतर धरून ठेवावं लागतं नाहीतर अंगावर येतं. म्हणून ओढायचा दोर, दोन शॅकल (दोर अडकवायच्या लोखंडी कड्या), आखूड दांड्याचं फावडं, जाड हातमोजे आणि हवेचा पंप हे सगळं एका कॅनव्हासच्या पिशवीत, ड्रायव्हरच्या सीटमागे, बाजूच्या दारातून हाताला येईल असं. दोर नायलॉनचा, गाडीच्या वजनाच्या कितीतरी पट ताकदीचा घ्या. लोखंडी साखळी किंवा वायर तुटली तर सुटलेलं टोक माणसाला जखमी करतं. दोर बांधायचा तो फक्त गाडीच्या चासीला दिलेल्या हुकात, बंपरला किंवा ॲक्सलला कधीच नाही. ओढताना दोरावर मधोमध एक जड सतरंजी टाका आणि बघ्यांना दोराच्या लांबीपेक्षा लांब उभं करा. आपल्याकडे बहुतेक वेळा गावातला ट्रॅक्टरच बाहेर काढतो. त्याच्याकडे दोर असेलच असं नाही, म्हणून आपला चांगला असावा.

शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, काठाला गाडी नेणाऱ्यांनी हे लक्षात घ्या: कोयनेचं पाणी हिवाळ्यापासून हळूहळू मागे सरतं आणि उघडी पडलेली जमीन वरून वाळलेली, भेगाळलेली दिसते. खाली गाळ ओलाच असतो. आधी पायी चालत जा, काठी रोवून बघा, काठी सहज आत गेली तर गाडी मागेच थांबू दे. चारही चाकांना जोर देणारा फोर बाय फोर लो गिअर तिथे फक्त खड्डा खोल करतो.

टायरच्या बाबतीत दोन वेगळे मुलूख आहेत. पश्चिमेला जांभ्याचे धारदार दगड, पूर्वेला माणच्या माळावर बाभळीचे काटे. ट्यूबलेस टायरचा पंक्चर काढायचा संच, त्यातल्या पट्ट्या ताज्या, आणि हवा मोजायचं वेगळं मीटर. दगडी वाटेवर हवा वीस-बावीस पीएसआयपर्यंत उतरवली की टायर दगडाला धरून चालतो आणि मणके शाबूत राहतात, पण वेग तिशीच्या आत ठेवायचा आणि डांबरावर यायच्या आधी दाराच्या चौकटीवर लिहिलेला आकडा पुन्हा भरायचा. पंप इंजिन चालू ठेवूनच वापरा आणि दोन टायरनंतर त्याला गार होऊ द्या. जॅकसोबत फूटभर चौरस जाड प्लायचा तुकडा हवाच. मऊ मातीत जॅक वर जायच्या ऐवजी स्वतःच खाली जातो, आणि त्या वेळी जंगलात फळी शोधत हिंडावं लागतं. जादा पेट्रोल नेऊ नका. टाकी चाळीस लिटरची आहे, साताऱ्यात भरून घेतली की या सगळ्या वाटा जाऊन-येऊन होतात, आणि बंद गाडीत पेट्रोलचा कॅन म्हणजे नसती जोखीम.

आता तंबू. दुकानातल्या तंबूबरोबर ज्या खुंट्या येतात त्या आपल्या सड्यावर चालत नाहीत. कासच्या आसपास, चाळकेवाडी, सडावाघापूर इथे वर बोटभर माती आणि खाली कातळ. खुंटी ठोकली की वाकते. म्हणून कमानींवर आपला आपण उभा राहणारा तंबू घ्या आणि ताणायला दोर जास्त घ्या, प्रत्येक कोपऱ्याला तीन-चार मीटर. दोराच्या टोकाला नारळाएवढा दगड बांधायचा आणि त्याच्या पुढे, तंबूच्या बाजूला, एक जड धोंडा ठेवायचा. ताण आला की लहान दगड धोंड्याला अडतो आणि दोर सुटत नाही. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत, तिथला वारा रात्रीही थांबत नाही, त्यामुळे गाडी वाऱ्याला आडवी लावून तिच्या आडोशाला तंबू टाका. एखादा दोर गाडीच्या हुकाला बांधलात तर स्टीअरिंगवर एक लाल फडकं बांधा, म्हणजे सकाळी कुणी गाडी हलवायच्या आधी ते दिसेल. दगड उचलताना मोजे घालाच आणि आधी काठीने पलटा. खाली विंचू असतो, फुरसं (विषारी साप) असू शकतं. निघताना दगड जिथले तिथे ठेवा.

नोव्हेंबर ते जानेवारीत पश्चिमेला दव इतकं पडतं की पहाटे तंबूचं वरचं कापड पिळून काढावं लागतं. ते ओलं कापड ठेवायला वेगळी प्लॅस्टिकची गोणी घ्या, नाहीतर परतीच्या वाटेत सगळं अंथरूण ओलं. तंबूखाली अंथरायला ताडपत्री, पण ती तंबूच्या कडेबाहेर येता कामा नये. बाहेर आली तर दव तिच्यावरून घरंगळत तंबूखाली जमा होतं.

थंडी खालून येते. त्यामुळे अंगावर काय घेताय त्याच्याआधी अंगाखाली काय आहे ते बघा. फोमची चटई आणि तिच्यावर घोंगडी. माणदेशातली लोकरीची घोंगडी मेंढपाळ उघड्यावर वापरतात त्याला कारण आहे: दवाने दमट झाली तरी ऊब देते, आणि ठिणगी पडली तर स्लीपिंग बॅगसारखी भसकन वितळत नाही. जड आहे, एकीलाच बरीच जागा लागते, तरी ती घ्यावी असं माझं मत आहे. कानटोपी आणि रात्री झोपताना घालायचे कोरडे मोजे वेगळ्या पिशवीत बांधून ठेवा आणि दिवसा त्यांना हात लावू नका.

स्वयंपाकाचं निम्मं काम घरीच उरकायचं. बेसनात तिखट, मीठ, हळद, जिरं, हिंग मिसळून पुडी बांधली की डोंगरात फक्त कांदा चिरायचा आणि पिठलं तयार. तांदूळ, मूगडाळ, गोडा मसाला आणि मीठ एका जेवणाच्या मापाने एकेका पिशवीत, वर चिठ्ठीवर पाण्याचं माप. तीन लिटरचा कुकर घ्या, त्याच्या पोटात चहाचं पातेलं, पातेल्यात गाळणी, चिमटा, लायटर आणि साखर-चहापत्तीच्या डब्या. एवढंसं हे गाठोडं सगळं स्वयंपाकघर झालं. भाकरी पहिल्या रात्रीपुरत्या घरून, बरोबर ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी. दुसऱ्या दिवसाच्या भाकरी गावात सांगून मिळतात, आणि त्याचे पैसे त्या घराला देणं मला डबाबंद जेवणावर खर्च करण्यापेक्षा योग्य वाटतं. शेगडी छोट्या गॅसच्या डब्याची पुरते. एक डबा लावलेला, एक जादा. तंबूत किंवा बंद गाडीत शेगडी पेटवू नका, ऊब घ्यायला निखारे आत ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतला माणूस जागाच होत नाही. जेवण उरकलं की शिधा, भांडी, खरकटं सगळं गाडीत आणि दार बंद. कोयनेच्या बाजूला अस्वल आहे, रानडुक्कर आहे, आणि गावची कुत्री तर सगळीकडे.

पिण्याला आणि रांधायला माणशी दिवसाला चार लिटर पाणी धरा. दोघांना एका दिवस-रात्रीला आठ-दहा लिटर, धुण्या-पुसण्याला आणखी पाच. वीस लिटरचा एकच कॅन भरण्यापेक्षा दहा-दहाचे दोन घ्या. वीस किलो अंधारात उचलणं कठीण जातं, आणि एक फुटला तर दुसरा हाती राहतो. टपावर काही ठेवायचंच असेल तर फक्त चटया आणि ताडपत्री. उंच आणि अरुंद गाडीच्या डोक्यावर वजन गेलं की तिरक्या वाटेवर ती लवकर कलंडते.

औषधांच्या डब्यात ओआरएस, पॅरासिटामॉल, क्रेप बँडेज, जंतुनाशक, प्रत्येकाची रोजची औषधं. साप चावल्यावर कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरीने आवळायचं नाही. चावलेला हात किंवा पाय, मोडल्यावर बांधतो तसा फळीला सैलसर बांधायचा, माणसाला चालू द्यायचं नाही आणि दवाखाना गाठायचा. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो आणि चावल्याचं कित्येकदा कळतही नाही. तेव्हा तळ शिवलेलाच तंबू आणि चेन पूर्ण ओढलेली. बामणोली खोऱ्यात बऱ्याच ठिकाणी फोन लागत नाही, त्यामुळे 108 च्या रुग्णवाहिकेवर भरवसा ठेवून बसता येत नाही. गाडी मुक्कामाला लावतानाच तोंड परतीच्या वाटेकडे करा, चाकांपुढे काही मांडू नका आणि किल्ली कुठे आहे ते सगळ्यांना ठाऊक असू दे.

जागेचं आधी विचारून ठेवा. कास पठार 2012 पासून जागतिक वारसा यादीत आहे, तिथे गाडी घालायची नाही आणि तंबूही टाकायचा नाही. कोयना अभयारण्य आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला आहे, त्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय पाऊल नाही, आणि वासोट्यावर तर रात्री राहताच येत नाही. राहिली गावकऱ्यांची मालकीची जमीन: मालकाला विचारा, पोलीस पाटलांच्या कानावर घाला. गाडी आहे त्या चाकोरीतूनच न्या. सड्यावरची ती बोटभर माती एकदा चाकाखाली गेली की तिथे पुढची कित्येक वर्षं फूल येत नाही. फेब्रुवारीनंतर गवत वाळलेलं असतं, शेकोटी नकोच. वणवा लागला तर डोंगरच्या डोंगर जातो आणि गुरांची वैरणही. संडाससाठी खुरपं आणि कागद. पाण्यापासून साठ-सत्तर पावलं लांब, वीतभर खोल, जिथे माती आहे तिथेच. कातळावर माती नसेल तर जाड पिशवीत बांधून परत आणायचं. कचऱ्याच्या दोन पिशव्या स्टेपनीला अडकवा, म्हणजे परतताना वास आत येत नाही.

आदल्या दिवशी दुपारी सगळं सामान अंगणात मांडा, भरा, आणि मग डोळे मिटून टॉर्च, दोर, औषधाचा डबा काढून बघा. यातलं एक जरी सापडलं नाही तर पुन्हा भरा. घरी एका कागदावर वाट, मुक्कामाचं गाव आणि परतायची वेळ लिहून ठेवा. लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी मोबाइलमध्ये उतरवून घ्या, नकाशाही. सकाळी समर्थ मंदिरावरून निघून यवतेश्वरचा घाट चढलात की माथ्यावर पाच मिनिटं थांबा. एवढ्या वळणांत सामान बसलेलं असतं आणि पट्टे सैल झालेले असतात. ते पुन्हा आवळा, मग पुढे.