पारदर्शक खडा सापडला? ओळखताना या चुका टाळा

विहिरीला सुरुंग लागला की वर आलेल्या डबरात काहीतरी चमचमतंच. पहिल्या पावसानंतर नांगरलेल्या रानात, बांधाच्या कडेला, नाल्याच्या पात्रातही असे खडे धुऊन वर येतात. हातात घेतला की पहिला प्रश्न ठरलेला: हिरा तर नसेल? आणि नुकसान इथूनच सुरू होतं. हिऱ्यासाठी म्हणून घरोघरी ज्या परीक्षा होतात, म्हणजे काचेवर ओढणं, हातोडीखाली धरणं, चुलीत टाकणं, त्यांत नेमका अपोफिलाइट (एक पारदर्शक खनिज) फुटतो. जळगावचं नाव जगभरच्या खनिजसंग्रहांत पोचलं ते ज्या खनिजांमुळे, त्यांत हा अग्रभागी आहे.

खडा पाहिला, पण तो कशात होता ते पाहिलं नाही

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. खान्देशाखालचा काळा पाषाण म्हणजे बसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. तो थिजताना वायूचे बुडबुडे अडकले, त्यांच्या पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्यांत झिरपलेल्या गरम पाण्यातून खनिजं जमली. अशा पोकळीत स्वच्छ, आरपार दिसणारं जे मिळतं ते बहुतेक वेळा तिघांपैकी एक असतं: स्फटिक (क्वार्ट्झ), कॅल्साइट किंवा अपोफिलाइट. सोबत स्टिलबाइट, हुलँडाइट ही झिओलाइट नावाच्या कुळातली खनिजं. हिरा येतो किंबर्लाइटसारख्या वेगळ्याच दगडातून. आपल्या देशात त्यासाठी मध्य प्रदेशातलं पन्ना प्रसिद्ध आहे. खडा काळ्या पाषाणाला चिकटलेला असेल, तर हिऱ्याचा विचार तिथेच सोडून द्या.

तापी, गिरणा, पांझरा यांच्या वाळूत मिळालेला गोटा मात्र वेगळा धरा. अपोफिलाइट आणि कॅल्साइट मऊ असतात, शिवाय ठरावीक दिशेने सहज चिरतात. घरंगळत फार लांब टिकत नाहीत. नदीत गुळगुळीत होऊन उरते ती बहुधा गारगोटी, अकीक, नाहीतर बाटलीची काच.

काचेवर ओरखडा उठला, म्हणजे हिरा

१ ते १० या मोह्स मापावर काचेचा कठीणपणा साधारण ५.५, स्फटिकाचा ७. म्हणजे शेतातली साधी गारगोटीसुद्धा (तीही क्वार्ट्झच) काच कापते. या परीक्षेतून एवढंच कळतं की खडा काचेहून कठीण आहे.

कठीणपणा तपासायचाच तर उलट बाजूने या: मऊ वस्तूपासून सुरुवात, तीही खड्याच्या खालच्या, तुटक्या भागावर, तीन-चार मिलिमीटरची एकच रेघ. नख २.५, तांब्याची तार ३, चाकूचं पातं ५.५, कानस ६.५. पुस्तकांत तांब्याचं नाणं सांगितलेलं असतं; आपली हल्लीची एक-दोन रुपयांची नाणी स्टेनलेस स्टीलची आहेत, त्यांनी मोजाल तर हिशेब चुकेल. जळालेल्या मोटारीच्या वाइंडिंगची तार घ्या, वरचा वार्निश खरवडून. नखाने ओरखडा गेला तर जिप्सम. नख चालत नाही, तार कशीबशी चालते आणि चाकू सहज चालतो, तर कॅल्साइट. चाकूचं टोक जोर लावल्यावर चालतं तर अपोफिलाइट (४.५ ते ५). चाकू घसरतो आणि कानसही काही करत नाही, तर स्फटिक.

यातली नेहमीची फसगत अशी की पातं मऊ असेल तर तेच झिजून खड्यावर राखाडी रेघ सोडतं आणि ओरखडा गेल्यासारखा वाटतो. रेघेवरून ओला अंगठा फिरवा. पुसली गेली तर ती लोखंडाची भुकटी. नखाला खाच लागली तरच ओरखडा.

टोकदार दिसला की स्फटिक म्हणून मोकळं होणं

अपोफिलाइटही टोकदार असतो. फरक बाजूंच्या संख्येत आहे: स्फटिकाच्या सहा, अपोफिलाइटच्या चार. टोक झिजलेलं असेल तर उभ्या बाजूंवरच्या बारीक रेषा पाहा. खडा सकाळच्या तिरप्या उन्हात धरून बोटांत हळूहळू फिरवा. स्फटिकावर रेषा आडव्या, शिडीच्या पायऱ्यांसारख्या. अपोफिलाइटवर उभ्या, टोकाच्या दिशेने धावणाऱ्या. अपोफिलाइटचा माथा सपाट असला तर तो चौकोनी ठोकळ्यासारखा दिसतो, आणि त्या माथ्यावर बाजूंसारखी काचेची चमक नसते, शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी मोतिया झाक असते. एकदा ती झाक ओळखता आली की बाकी परीक्षांची गरज क्वचितच पडते.

कॅल्साइट तुटला तर कलत्या खोक्याच्या आकारात तुटतो, कोन साधारण ७५ आणि १०५ अंशांचे. स्वच्छ तुकडा वर्तमानपत्रावर ठेवा. अक्षरं दोन-दोन दिसली की प्रश्न मिटला. स्फटिकाला ठरावीक चीर नसते, तो काचेसारखा वाटोळ्या लाटांत फुटतो.

बाथरूमचं ॲसिड सगळ्या खड्यावर ओतणं

कॅल्साइट आम्लात फसफसतो हे खरं. पण बाजारातलं हायड्रोक्लोरिक ॲसिड अपोफिलाइट आणि झिओलाइटचाही नाश करतं. चमक जाऊन वर पांढुरकी साय धरते, ती परत निघत नाही. लाल माती काढायलाही ते वापरू नका. साधं पाणी, मऊ दातांचा जुना ब्रश आणि धीर पुरतो.

परीक्षेसाठी तुटक्या बाजूची चिमूटभर भुकटी चमच्यात खरवडा, त्यावर व्हिनेगरचे दोन थेंब टाका आणि भिंगातून पाहा. व्हिनेगर सौम्य असतं, अखंड पृष्ठभागावर बुडबुडे दिसतही नाहीत. भुकटी केल्याने ते कळतात. खड्यावर बसलेला चुन्याचा पातळ थर खरवडून आधी बाजूला काढा, नाहीतर स्फटिकही कॅल्साइट ठरेल.

हातात तोलून 'जड आहे' म्हणणं

घनता मोजता येते, आणि खड्याला ओरखडाही न पाडता. ०.०१ ग्रॅमचा खिशातला काटा, पाण्याचा पेला आणि शिलाईचा दोरा पुरे.

आधी कोरडा खडा तोला. मग पाण्याचा पेला काट्यावर ठेवून आकडा शून्य करा. दोऱ्याला बांधलेला खडा पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. आता जो आकडा दिसतो तो खड्याने सारलेल्या पाण्याचं वजन. पहिल्या आकड्याला याने भागा. खडा १८.४२ ग्रॅम आणि पाण्यात आकडा ७.८३, तर घनता २.३५: अपोफिलाइट. स्फटिक २.६५, कॅल्साइट २.७१, साधी काच २.५ च्या आसपास, हिरा ३.५२.

उत्तर विचित्र आलं तर तीन ठिकाणी शोधा. खड्याला हवेचे बुडबुडे चिकटले असतील, तर घनता कमी येते. पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाका. खड्याला काळा पाषाण चिकटला असेल तर मोजमाप मिश्र होतं, ते धरूच नका. आणि खडा फार लहान असेल तर काटाच पुरत नाही: अर्ध्या ग्रॅमच्या स्फटिकाला पाण्यात ०.१९ यायला हवेत, ०.१८ आले तर घनता २.७८ आणि ०.२० आले तर २.५०. एका शेवटच्या आकड्यात काच ते कॅल्साइट सगळं सामावतं. तीन-चार ग्रॅमखाली यावर भिस्त ठेवू नये.

काच विसरणं

गावाजवळच्या नाल्यातला, हिरवट किंवा निळसर झाकेचा, खरखरीत पांढऱ्या सालीचा गोटा बहुधा काच असतो. भिंगातून गोल बुडबुडे दिसले तर संशय पक्का होतो. खात्रीसाठी लॅपटॉपचा पांढरा एलसीडी पडदा लावा, पोलराइज्ड गॉगल काळोख होईपर्यंत फिरवा आणि मधे खडा धरून वळवा. काच काळीच राहते. स्फटिक एका फेऱ्यात चार वेळा उजळतो. तीन वेगवेगळ्या बाजूंनी पाहा, कारण एका दिशेने स्फटिकही उजळत-मावळत नाही. अपोफिलाइट यात फार मंद असतो. त्याला इथे काच ठरवू नका.

आग आणि हातोडी

अपोफिलाइटच्या वजनात सुमारे १६ टक्के पाणी असतं. तापवला की ते निघून जातं, खडा पांढरा पडतो आणि पापुद्रे सुटतात. हातोडीने तर हिराही फुटतो. कठीण म्हणजे न फुटणारा नव्हे. आणि पोकळीतला झुपका सापडला तर खडे सुटे करू नका. काळ्या पाषाणासकट, टोकं शाबूत असलेल्या झुपक्याला संग्राहक मान देतात. सुट्या तुकड्यांना फारसं कोणी विचारत नाही.

शेतातून काही उचलण्याआधी मालकाला विचारा. यावल किंवा गौताळा अभयारण्यात आणि अजिंठा, पितळखोऱ्याच्या परिसरात दगड उचलायचाच नाही.

तज्ज्ञाकडे नेताना खडा कापसात गुंडाळून न्या आणि सोबत चिठ्ठी ठेवा: कोणतं गाव, विहीर की नाला, किती फुटांवर, बरोबर कोणता दगड होता. रत्नपरीक्षकाकडून वक्रीभवनांक (खड्यात शिरताना प्रकाश किती वळतो त्याचा आकडा) आणि घनता दोन्ही मागून घ्या. अपोफिलाइटचा वक्रीभवनांक सुमारे १.५३५, स्फटिकाचा १.५४४ ते १.५५३, घाईत घेतलेल्या एकाच आकड्यावर दोन्हींची अदलाबदल होते, घनतेत होत नाही.