दोन दिवसांत नाशिकचे वास्तुवैभव कसे पाहावे

शनिवारी सकाळी गोदाघाटावर गर्दी होण्यापूर्वी पोहोचावे आणि आरंभ नारोशंकराच्या देवळापासून करावा. १७४७ मध्ये बांधलेल्या या देवळाच्या दर्शनी भिंतीवर टांगलेली घंटा पोर्तुगीजांकडून वसई जिंकल्यावर आणलेली असून, तिच्यावर १७२१ हे साल कोरलेले आहे. मोठ्या आवाजाच्या माणसाला आपण ‘नारोशंकराची घंटा’ म्हणतो, ती हीच. तेथून काळाराम मंदिर चालत गाठता येते. काळ्या पाषाणाचे हे मंदिर पाहताना १९३० चा मंदिरप्रवेश सत्याग्रह याच दारांशी झाला, याचे स्मरण अवश्य ठेवावे.

रविवारची सकाळ मात्र पूर्णपणे पांडवलेणी या डोंगरात कोरलेल्या प्राचीन बौद्ध लेण्यांसाठी राखावी, कारण चोवीसही लेणी धावत पाहण्यापेक्षा तीन, दहा आणि अठरा या क्रमांकांसमोर निवांत थांबणे मला अधिक मोलाचे वाटते. तिसऱ्या लेण्याच्या ओसरीखाली वाकून पाहावे. तेथे अवघे लेणे खांद्यावर पेलून धरल्यासारख्या सहा धिप्पाड मूर्ती अर्ध्या जमिनीतून वर आलेल्या दिसतात. याच लेण्यात सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिच्या दानाचा ब्राह्मी लेख आहे. दहाव्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत, तर अठरावे चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेले प्रार्थनागृह, आहे.

पाणी व पायात घट्ट बसणारी पादत्राणे हवीत. दुपारनंतर सिन्नरचे यादवकालीन गोंदेश्वर मंदिर पाहावे, कारण उतरत्या उन्हात तेथील कोरीवकाम स्पष्ट उठून दिसते.