दम लागतो म्हणून खचलेल्या माणसाला पुन्हा चालतं कसं करावं

डॉक्टरांनी चालायला परवानगी दिलीय आणि औषधं, इनहेलर वेळेवर चालू आहेत, असं धरतो.

‘मन खंबीर ठेवा’ हे आधी बंद करा. सीओपीडी (फुफ्फुसातल्या श्वासनळ्या अरुंद करणारा जुनाट आजार) किंवा हार्ट फेल्युअरचा (हृदय पुरेसं रक्त ढकलू न शकण्याचा आजार) माणूस दमाच्या धास्तीनं बसून राहतो, पायांचे स्नायू झिजतात, मग बाथरूमपर्यंत जातानाही धाप लागते. ‘आता माझ्याच्यानं होत नाही’ हे त्यातूनच येतं. उमेद आल्यावर चालू म्हणाल, तर बसूनच राहाल. एचएफ-ॲक्शन या चाचणीत हार्ट फेल्युअरच्या २,००० हून जास्त रुग्णांमध्ये व्यायामानं उदासी कमी झाली. फरक थोडा होता, पण होता.

दम लागेपर्यंत किती पावलं पडतात ते मोजा. त्याच्या निम्म्यापासून सुरुवात करा.

चालताना नाकानं दोन अंक श्वास घ्या, ओठांचा चंबू करून चार अंक सोडा. समोर मेणबत्ती असती तर ज्योत हलली असती, विझली नसती, इतकीच फुंकर.

खरी गोची बऱ्या दिवसाची. माझ्याकडच्या एका गृहस्थांना दहाव्या दिवशी तरतरी आली आणि मी हुरळून त्यांना दुप्पट चालवलं. चाललेही बिचारे. पुढचे चार दिवस अंथरुणात. पाचव्या दिवशी म्हणाले, “बघितलंत ना?” त्या दोन शब्दांनी दहा दिवस पाण्यात गेले. तेव्हापासून माझा नियम: बऱ्या दिवशीही ठरलेलीच पावलं. वाईट दिवशी निम्मी, पण शून्य नाही. वाढ आठवड्यातून एकदाच, तीही थोडी. शून्य (दम अजिबात नाही) ते दहा (असह्य दम) या मापावर दम तीन-चारच्या वर गेला की थांबा, टेबलावर हात टेकून पुढे झुका. “अजून थोडं, जमेल तुम्हाला” म्हणणाऱ्या नातेवाइकांना मी सरळ खोलीबाहेर काढतो.

छातीत दुखलं, चक्कर आली तर चालणं तिथंच बंद आणि डॉक्टरांना फोन. हार्ट फेल्युअरमध्ये तीन दिवसांत दोन किलो वजन वाढलं तरी तेच.

थकवा, झोप, भूक यांवरून उदासी ओळखायला जाऊ नका. ती लक्षणं मूळ आजाराचीही असतात. आवडीच्या गोष्टीत रस उरलाय का, ते विचारा. दोन आठवडे उत्तर ‘नाही’ असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. मरणाची भाषा आली तर त्याच दिवशी, आणि तोवर एकटं सोडू नका.