भुंगेऱ्यांच्या अभ्यासाला लागताना

भुंगेऱ्यांवर काम करायचंय, सुरुवात कुठून करू, असं विचारत विद्यार्थी आले की मी त्यांच्या हातात आधी टेरी अर्विन यांचा १९८२चा लेख ठेवते. जेमतेम दोन पानांचा आहे.

अर्विन अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेत होते. जमिनीवर पळत शिकार करणारे भुंगेरे हा त्यांचा मूळ विषय. पनामात मात्र त्यांनी झाडांच्या शेंड्यांकडे मोर्चा वळवला. ल्युहिया सीमानी या एकाच जातीची १९ झाडं घेतली, शेंड्यात कीटकनाशकाचं धुकं सोडलं आणि खाली पडलेलं सगळं निवडून मोजलं. नुसत्या भुंगेऱ्यांच्याच जाती सुमारे १,२०० भरल्या! त्यातल्या १६३ फक्त याच झाडावर जगणाऱ्या असाव्यात, असं त्यांनी धरलं. उष्ण कटिबंधात झाडांच्या जाती ५०,०००. म्हणजे असे भुंगेरे ८० लाखांच्या वर. संधिपाद प्राण्यांत, म्हणजे कीटक, कोळी वगैरेंच्या गटात, भुंगेरे ४० टक्के धरले, वर जमिनीवरचे जीव मिळवले, आणि आकडा तीन कोटी जातींवर गेला.

पुढच्या अभ्यासकांनी तो बराच खाली आणला, कारण पुष्कळ भुंगेरे एकाच जातीच्या झाडावर अडून राहत नाहीत. तरी मला हा लेख फार मोलाचा वाटतो. गणिताची प्रत्येक पायरी त्यांनी उघड मांडली, म्हणून तर कुठली पायरी कच्ची ते शोधता आलं.

एमएस्सीला मीही एकच झाड धरलं, कडुनिंबाचं. फांदीखाली पांढरी चादर धरायची, काठीने चार ठोके द्यायचे, पडेल ते झटपट कुपीत भरायचं. वळवाचा पाऊस झाला की अंधार पडता पडता हुमणीचे भुंगेरे पाल्यावर येत. पण लेबलं मी बॉलपेनने लिहिली होती. महिन्याभराने कुप्या काढल्या तर अल्कोहोल निळसर आणि चिठ्ठ्या कोऱ्या! किडे शाबूत, पण कुठले, कधीचे, काही कळेना. सगळा हंगाम वाया गेला. रडू आलं होतं.

तेव्हा लेबल पेन्सिलीनेच लिहा आणि कुपीच्या आत टाका. त्यावर गाव, तारीख, झाड आणि गोळा करणाऱ्याचं नाव हवंच. जंगलात जायचं तर वनखात्याची परवानगी आधी काढा. वाळवलेल्या भुंगेऱ्याला टाचणी उजव्या कडक पंखातून टोचायची. डावा अख्खा राहतो, आणि जात ओळखताना त्यावरच्या रेघा नि खळगे मोजायला तोच लागतो.