पदवीच्या उत्तरार्धात विद्यापीठ बदलताना या चुका टाळा

पदवीचा अर्ध्याहून अधिक भाग पूर्ण झाल्यावर विद्यापीठ बदलावे का, हा प्रश्न बहुतेक विद्यार्थी ‘कोणते विद्यापीठ अधिक चांगले?’ या रूपात स्वतःला विचारतात आणि पुढच्या बऱ्याच चुका तिथूनच सुरू होतात. पहिल्या वर्षी हा प्रश्न योग्य असतो. तिसऱ्या वर्षी मात्र आहे तिथे राहिल्यास पदवी हाती यायला किती सत्रे लागतील आणि तिकडे गेल्यास किती, हे विचारायचे असते. हे दोन आकडे कागदावर शेजारीशेजारी मांडल्याशिवाय अर्जाचे शुल्कसुद्धा भरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘स्वीकारले’ म्हणजे ‘पदवीत धरले’ असे समजणे

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. नवे विद्यापीठ तुमचे श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, स्वीकारते तेव्हा ते तुमच्या नोंदीत येतात. पण मुख्य विषयाच्या सक्तीच्या अभ्यासक्रमाऐवजी ते धरले जातीलच असे नाही. पुष्कळदा ते ‘ऐच्छिक’ या रकान्यात जाऊन बसतात आणि तो रकाना आधीच भरलेला असेल, तर त्यांचा पदवीसाठी काहीही उपयोग होत नाही. समजा, १२० श्रेयांकांच्या पदवीपैकी तुमचे ९० झाले आहेत. नव्या विद्यापीठाने त्यांतले ७८ स्वीकारले, हे ऐकून हायसे वाटते. परंतु त्यांपैकी ५४च पदवीच्या चौकटीत बसत असतील, तर उरतात ६६. दर सत्रात १५ श्रेयांक घेतले तर ही पाच सत्रे झाली. जुन्या ठिकाणी दोनच उरली होती.

उशिरा बदल केल्यावर हे नुकसान वाढण्याचे कारणही समजून घेण्यासारखे आहे. पायाभूत विषय सगळीकडे बरेचसे सारखे असल्यामुळे त्यांची समतुल्यता सहज मिळते. शेवटच्या टप्प्यातील विषय मात्र त्या त्या विभागाने आपापल्या प्राध्यापकांच्या अभ्यासक्षेत्रानुसार घडवलेले असतात आणि दुसऱ्या विभागात त्यांना नेमका जोड सापडत नाही. शिवाय पदवी देणाऱ्या संस्थेतच ठरावीक वाटा पूर्ण करावा लागतो. अमेरिकेतील अनेक विद्यापीठे १२०पैकी किमान ३० श्रेयांक आपल्याकडे पूर्ण करायला लावतात, तर भारतातील श्रेयांक बँकेच्या, म्हणजे विद्यार्थ्यांचे श्रेयांक जमा ठेवणाऱ्या व्यवस्थेच्या, २०२१च्या नियमांत हा वाटा किमान ५० टक्के आहे. युरोपात पूर्णवेळ शिक्षणाचे एक वर्ष ६० श्रेयांकांचे धरले जाते, पण आकड्यांचे हे माप तिथल्या देशांत सारखे असले तरी विषयांचा आशय सारखा असतोच असे नाही. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१७मध्ये दिलेल्या अहवालानुसार, २००४ ते २००९ या काळात संस्था बदललेल्या विद्यार्थ्यांचे सरासरी सुमारे ४३ टक्के श्रेयांक वाया गेले होते. त्यात सर्व टप्प्यांवरचे विद्यार्थी होते, तरीही हा आकडा सावध करणारा आहे.

म्हणून प्रवेश कार्यालयाच्या तोंडी आश्वासनावर थांबू नका. संबंधित विभागाला प्रत्येक विषयाचा तपशीलवार अभ्यासक्रम पाठवून एकच प्रश्न लेखी विचारा: ‘माझ्या या विषयामुळे तुमच्याकडचा कोणता सक्तीचा विषय सुटेल?’ उत्तर प्रवेशानंतरच मिळेल असे सांगितले गेले, तर ते श्रेयांक शून्य धरून हिशेब करा.

विषयांची साखळी न पाहणे

उरलेले श्रेयांक मोजूनही हिशेब चुकू शकतो. काही विषय एकामागून एकच घेता येतात आणि त्यांतले काही वर्षातून एकदाच शिकवले जातात. अशा तीन विषयांची साखळी उरली असेल, तर बाकीचा भार कितीही हलका असला तरी दोन-अडीच वर्षे जातात. नव्या विभागाचे मागील दोन वर्षांचे वेळापत्रक पाहिले की हे लगेच कळते.

गुणांचेही तसेच आहे. अनेक ठिकाणी श्रेयांक येतात, गुण येत नाहीत. सरासरी नव्याने सुरू होते आणि विशेष श्रेणीसाठी तिथेच पूर्ण केलेल्या श्रेयांकांची अट असू शकते. ज्यांची आधीची सरासरी कमी आहे त्यांना हा लाभही वाटेल, पण पुढील प्रवेशासाठी बहुधा दोन्ही गुणपत्रके मागितली जातात.

कारण न तपासता निघणे

मुख्य विषयच बंद होत असेल, सुरक्षितता किंवा प्रकृतीचा प्रश्न असेल, किंवा खर्च खरोखरच झेपत नसेल, तर एखादे वर्ष वाढले तरी बदल योग्य ठरू शकतो. थकवा, एका मार्गदर्शकाशी न जुळणे किंवा एका विषयातील अपयश यांसाठी मात्र मार्गदर्शक बदलणे, एक सत्र रजा घेणे, एक सत्र पाहुणा विद्यार्थी म्हणून दुसरीकडे शिकणे किंवा पदवी इथे पूर्ण करून पदव्युत्तर शिक्षण हव्या त्या ठिकाणी घेणे, हे मार्ग आधी तपासावेत. शेवटचा मार्ग फार थोडे जण गांभीर्याने विचारात घेतात, याचे मला वाईट वाटते. पुढे नोकरी देताना अनेकदा सर्वांत वरची पदवी आधी पाहिली जाते.

याच्या उलट चूकही होते. ‘इतकी वर्षे घातली, आता कसे सोडू?’ हे राहण्याचे कारण नव्हे. गेलेली वर्षे दोन्ही वाटांवर गेलेलीच असतात.

जुनी जागा आधी सोडणे

नव्या ठिकाणचे लेखी मूल्यांकन हाती येईपर्यंत जुना प्रवेश रद्द करू नका. थकीत शुल्कामुळे गुणपत्रक अडकू शकते, शिष्यवृत्ती नव्या ठिकाणी लागू होईलच असे नसते आणि परदेशात शिकणाऱ्यांचा व्हिसा संस्थेशी जोडलेला असू शकतो.

बदल आधीच झाला असेल आणि मूल्यांकन अन्यायकारक वाटत असेल, तर पहिल्याच सत्रात फेरविचाराचा अर्ज करा. सोबत तुम्ही शिकलात त्याच वर्षाचा अभ्यासक्रम, नेमलेली पुस्तके, तासिकांची संख्या आणि तपासलेले प्रकल्प जोडा, कारण संकेतस्थळावरचा नवा अभ्यासक्रम वेगळा असू शकतो. उच्च शिक्षणातील पात्रतांना परस्पर मान्यता देण्याविषयीच्या १९९७च्या लिस्बन करारात सामील असलेल्या देशांत ‘लक्षणीय फरक’ दाखवून देण्याची जबाबदारी मूल्यांकन करणाऱ्या संस्थेवर असते. तिथे नकाराचे कारण लेखी मागावे. सर्व विषयांसाठी एकदम भांडण्यापेक्षा साखळीतील पहिला विषय सोडवून घ्या. त्या एकाने कधीकधी पूर्ण वर्ष वाचते.